सत्यवान घाड्याचं स्वतःचं गाऱ्हाणं

कुसगवणात कुणाचं काही अडलं की माणूस देवळाकडे वळतो, आणि देवळाकडे वळण्याआधी घाड्याच्या अंगणात येतो. कारण देवाशी बोलायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि गाऱ्हाणं घालायचा मान घाड्याचा. सत्यवान घाड्याच्या आज्यानं घातलं, बापानं घातलं, आता सत्यवान घालतो. रवळनाथासमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि ज्याचं दुखणं असेल त्याच्या वतीनं ते देवाला मोठ्यानं सांगायचं. एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले मानकरी आणि गावकरी एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. सगळं सांगून झालं की गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. हाच कौल. कुसगवणात कौलापुढे ना साहेबाचं चालत, ना घरच्या बायकोचं.

सत्यवानचा आवाज म्हणजे गावाची शान. देवळात त्यानं ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की ओहोळापलीकडच्या मळ्यात काम करणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. आणि त्याचे दोन नियम होते, ते त्या आवाजाहून कडक.

पहिला नियम, देवाला आडपडदा नाही. ‘एका कामात यश दे’ असलं गुळमुळीत काही घेऊन कुणी आलं की सत्यवान त्याला पायरीवरच धरायचा. वरच्या वाडीतला निलेश असाच आला होता.

“एका अडचणीक कौल होयो,” तो म्हणाला.

“कसली अडचण?”

“आसा एक.”

“देव काय तुझो दोस्त आसा, मिस कॉल दिलंस काय समाजतलो? सगळा सांग.”

मग त्या बिचाऱ्याला भर देवळात सांगावं लागलं की बायको रुसून माहेरी गेलीय, ती परत येईल की नाही ते विचारायचंय. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सत्यवाननं गंभीर चेहऱ्यानं तेच शब्द देवापुढे ठेवले. कौल उजवा पडला, बायको आली, तिला पोरंही झाली. पण निलेश अजून घाड्याच्या अंगणावरून जाताना पाय उचलतो.

दुसरा नियम, एका कामाला एकच कौल. बाबू परब हा गावातला मोठा मानकरी. त्यानं घरामागे विहीर खणायला कौल मागितला, तो डावा पडला. पावसाळा सरल्यावर बाबू पुन्हा आला. “जागा तीच, बावडी तीच, देव तोच,” सत्यवान म्हणाला, “मगे उत्तर कसा बदलतला?” आणि मानकऱ्याला त्यानं आल्या पावली परत पाठवलं. बाबूच्या घरचे आजही शेजाऱ्याच्या विहिरीवर जातात.

दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करताना या माणसाची जीभ कधी अडखळली नाही. स्वतःची पाळी आली तेव्हा काय झालं, ते आता सांगायचं.

सुरुवात तशी गुपचूपच झाली. सत्तरी ओलांडली आणि सत्यवान रात्री परसात जास्त वेळा जाऊ लागला. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली उभं राहायचं आणि वाट बघायची. यायचं ते थेंबथेंब, आणि आत येऊन अंथरुणावर टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठावंसं वाटायचं. तुळसा, त्याची बायको, न बोलता बॅटरी घेऊन दारात उभी राहायची. अंधारात साप-जनावर असतं, आणि म्हाताऱ्याची नजर कमी झालेली.

“दाक्तराकडे जावया,” ती म्हणायची.

“वयाचा आसता गो ता. दाक्तर काय वय कमी करतलो?”

वयाचं म्हणत म्हणत त्याचं जग आकसत गेलं. कणकवलीला जायचं तर एस्टीत बसावं लागतं, आणि ड्रायव्हर काही दर वळणावर गाडी थांबवत नाही. म्हणून कणकवली सुटली. रेडीला त्याची बहीण. तिच्या नातवाचं बारसं झालं, तिनं फोनवर रडून बोलावलं, तरी हा गेला नाही. पाय दुखतो म्हणाला. लग्नाच्या पंगतीत तो टोकाला बसू लागला, पाणी प्यायचं सोडलं, चहा अर्धा कप. गावात चालतानासुद्धा डोळे पुढचा आडोसा शोधत असायचे. आडोसा कुठे आहे त्यावर सत्यवान घाडी कुठवर जाणार हे ठरायला लागलं. त्याला स्वतःची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही तो तुळसावर काढायचा.

गाऱ्हाण्याचं तर फारच अवघड झालं. घाडी एकदा देवासमोर उभा राहिला की मध्येच बाहेर जाऊ शकत नाही. मग सत्यवाननं गाऱ्हाणीच छाटली. आधी पूर्वजांची नावं गाळली, मग शिवेवरच्या देवतांना एका दमात उरकलं. बाबू परब टपलाच होता. “घाड्याक आता एस्टी गाठूची आसता काय रे?” तो देवळाबाहेर म्हणाला, आणि सगळे हसले. सत्यवानही हसला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही.

आणि मग एका सकाळी थेंबसुद्धा येईना.

भिरंडाखाली तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं. ज्याच्या आवाजानं मळ्यातल्या बाया थांबायच्या तो माणूस परसात गुडघ्यावर बसून “आये, आये गो” करत होता. मुलगा विनीत कणकवलीत रिक्षा चालवतो, पण राहतो घरीच. त्यानं बापाला उचलून रिक्षात घातलं आणि हायवेवर अशी हाणली की एरवी सत्यवाननं त्याला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी तो फक्त “बेगीन, बेगीन” म्हणत होता.

हॉस्पिटलात नळी घातली आणि पिशवी भरायला लागली तेव्हा सत्यवानला रडू फुटलं. दुखणं संपल्याच्या आनंदाचं रडू. त्यानं पोरसवदा डॉक्टरच्या हातावर डोकं टेकलं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वय वाढलं की ती फुगते, आणि लघवीची वाट तिच्यातूनच जाते म्हणून ती वाटेलाच आवळते. गोळ्या देऊन पाहू, काही दिवसांनी नळी काढू. नळी काढली आणि संध्याकाळच्या आत पुन्हा तेच दगडासारखं पोट, पुन्हा विनीतची रिक्षा, पुन्हा नळी. तेव्हा कोल्हापूरहून ठरलेल्या दिवशी येणाऱ्या सर्जननी स्पष्टच सांगितलं.

“आजोबा, ऑपरेशन करावं लागेल. पोटावर टाका नाही. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत घालायची आणि वाढलेला भाग आतून खरवडून काढायचा. चार दिवसांत घरी.”

सत्यवाननं मान डोलावली. तारीखसुद्धा घेतली. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाला, “कौल घेवक होयो.”

विनीतनं रिक्षा सुरू केली. घाड्याच्या घरात जन्म घेऊन त्याला एवढं कळत होतं की नाही म्हणण्यात अर्थ नाही.

सोमवारी गाव देवळात जमतं. सत्यवान अंघोळ करून गेला. लघवीची पिशवी त्यानं बाजाराच्या नायलॉनच्या पिशवीत घातली होती आणि ती धोतराआड धरली होती. सभामंडपात शिरताना त्यानं ती आणखी जवळ ओढली. असलं काही घेऊन देवासमोर येऊ नये हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण बाहेर उभं राहायचं तर कारण सांगावं लागलं असतं. एका बाजूला बाबू परब आणि मानकरी, दुसऱ्या बाजूला बायका. त्यांत तुळसा. आत पाषाणापाशी मितेश गुरव पाकळ्या घेऊन तयार.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझ्या ह्या लेकराक… तुझ्या घाड्याक…”

इथे तो शब्द यायला हवा होता. जिभेच्या टोकापर्यंत आलाही असेल. सत्यवानला मागे बाबूचा श्वास ऐकू येत होता, डाव्या हाताला बायकांच्या बांगड्या किणकिणत होत्या.

“…एका कामाक गावची शीव ओलांडून जावचा आसा. चार दीस भायर ऱ्हवचा आसा. ता तुझ्या मनात आसात तर उजवो कौल देवन मोकळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मितेशनं पाकळ्या लावल्या आणि हात मागे घेतला न घेतला तोच डावी खाली पडली.

“बरोबर आसा,” बाबू मोठ्यानं म्हणाला. “जत्रा तोंडार इली आणि घाडी शीव ओलांडून खंय जातलो? देवाक कसा चालतला?”

सगळ्यांना पटलं. सत्यवानलाही पटलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याला कळून चुकलं की आपण आपल्या हातानं दार लावून घेतलंय. देवानं शीव ओलांडू नको म्हटलं. पुन्हा विचारायचं तर एका कामाला एकच कौल, हे गावाला त्यानंच घोकून घोकून शिकवलेलं. बाबूची विहीर त्याच्या डोळ्यांपुढे आली.

ऑपरेशनची तारीख गेली. विनीतनं डोकं आपटून घेतलं. “कौलाच्या नादान मरशात एक दीस,” तो म्हणाला. आरोग्य केंद्र नशिबानं शिवेच्या आत होतं, तिथली नर्स नळी बदलून द्यायची. तेवढाच त्याचा प्रवास. बाकी मागची खोली, खाट, आणि खाटेच्या पायाला टांगलेली पिशवी. कुशीवर वळायचं तर आधी नळीला विचारायचं. कुणी अंगणात आलं की तुळसा मोठ्यानं “येवा, बसा” म्हणायची, म्हणजे आत सत्यवान गोधडी ओढून घेई. पाय दुखतो, एवढंच गावाला माहीत. पायाला कुणी तेल आणून दिलं, कुणी कसलासा पाला आणून दिला. सत्यवान तो पाला मुकाट बांधून घ्यायचा.

जत्रा झाली. घाड्याशिवायची पहिली जत्रा. मितेशनंच कसंबसं गाऱ्हाणं म्हटलं. वाऱ्यावर ढोल ऐकू येत होता आणि अधूनमधून ‘व्हय म्हाराजा’ ऐकू येत होतं. मधली वाक्यं मात्र ऐकू येत नव्हती, म्हणून खाटेवर पडून ती सत्यवान स्वतःच ओठांत म्हणत होता. तुळसा जत्रेला गेली नाही. त्यानं जा म्हटलं तरी गेली नाही.

मग ताप आला. हुडहुडी भरून, दात वाजवणारा. पिशवीतलं पाणी गढूळ झालं, वास मारू लागलं. नर्सनं फोनवर डॉक्टरांना विचारून इंजेक्शनं दिली. ताप उतरला, पण फोनवर डॉक्टर जे बोलले ते तुळसानं ऐकलं. नळीवर असे महिनोन्‌महिने काढता येत नाहीत. पुढच्या वेळी जंतू मूत्रपिंडात जाऊन बसले तर आम्हालाही काही करता येणार नाही.

काजू सुरू झाले तसा खारेपाटणचा फकरुद्दीन आला. दरवर्षी यायचा, घाड्याच्या पडवीत काजू तोलून घ्यायचा आणि सत्यवानशी गप्पा मारत बसायचा. दोघं एका वयाचे. या वेळी पडवीत सत्यवान नाही म्हटल्यावर तो सरळ मागच्या खोलीत शिरला. गोधडी ओढायला वेळच मिळाला नाही.

फकरुद्दीननं पिशवी पाहिली आणि खो खो हसला. सत्यवानला वाटलं आता धरणी दुभंगली तर बरं.

“मेल्या, ही बहीण माझ्याकडेय होती,” फकरुद्दीन खाटेवर बसत म्हणाला. “दोन वरसां झाली ऑपरेशनाक.”

“तुका? खंय बोललंस नाय तां?”

“कोणी इचारला खंय? कंबरेत इंजेक्शन देतत. खालचा सगळा बधिर. वर टीव्ही आसा, तेच्यात आपलाच आतला दिसता. वाटयेत खोबरा खवतत मां, तसा दाक्तर खवता नि पाणी मारता. दुखना नाय. मगे दोन दीस लाल पाणी, नि मगे नळी काढली. माझी बायको बिबीजान भायर दुवा करत बसली होती. आता मुंबयक जातंय एस्टीन, मधी एकदाच उतारतंय.”

मग सत्यवाननं कौलाचं सांगितलं. फकरुद्दीन गंभीर झाला. “तुमच्या देवाच्या कामात मी काय बोलू? पण देव माणसाक असो कोंडून घालीत, असा माका वाटना नाय.” एवढं बोलून तो काजू तोलायला गेला.

चहाचे कप घेऊन तुळसा दारात उभी होती. टेम्पो निघून गेला तरी ती तिथेच. मग म्हणाली, “तुमी देवाक इचारलात काय?”

“तू होतंस मां थंय?”

“होतंय. म्हणानच इचारतंय. तुमी शिवेचा इचारलात, देवान शिवेचा सांगलान. लघवीचा इचारलात कधी?”

सत्यवाननं भिंतीकडे तोंड फिरवलं. पण तुळसाची आता थांबायची तयारी नव्हती.

“त्या निलेशाक भर देवळात बायकोचा सांगूक लावलात. तेका लाज नाय होती? तेची लाज ती लाज नाय, आणि तुमची तेवढी लाज?”

“बायका आसतत थंय!” तो ओरडला.

“बायकांका म्हायत नाय? एवढी वरसां परसात बॅटरी धरून मी कसल्याक उभी ऱ्हवतंय? चांदण्या मोजूक?”

त्यानं तिच्या हातातला कप हिसकून भिंतीवर फेकला. संसारात पहिल्यांदा. तुळसानं तुकडे गोळा केले, फरशी पुसली आणि निघून गेली.

तिचं बरोबर होतं, हाच तर घोळ होता. खरं विचारलंच नव्हतं, तर कौल झालाच नव्हता. नियम मोडत नव्हता. वाट होती, पण ती त्याच्याच तोंडातून जात होती. वाट नसती तर बरं झालं असतं असं सत्यवानला वाटलं. नशिबाला बोल लावून माणूस पडून राहू शकतो. आता पडून राहायला कारण उरलं नव्हतं, आणि उठायची हिंमत नव्हती. पुढचे कित्येक दिवस तो तुळसाशी बोलला नाही. पुन्हा थोडा ताप आला, तेव्हा ती कपाळावर ओलं फडकं ठेवायला आली. तिचा हात धरून सत्यवान म्हणाला, “सोमवारी धोतर काढून ठेव.”

सोमवारी तो देवळात गेला तो नायलॉनची पिशवी न घेता. लघवीची पिशवी उघडी हातात. सभामंडपाच्या पायरीशी आला आणि तिथेच अंगणात उन्हात उभा राहिला.

“भितर ये मां,” बाबू परब आतून म्हणाला आणि मग त्याची नजर हातातल्या पिशवीवर गेली.

“ही घेवन मी भितर येवचंय नाय. मागल्या खेपेक इलंय ता चुकला. हयसून घालतंय गाऱ्हाणा.”

बाहेरून घालायचं म्हणजे आवाज चढवायला हवा. मानकरी वळून बघू लागले. बायका खांबाशी सरकल्या. सत्यवाननं छातीत श्वास भरला, आणि कितीतरी महिन्यांनी कुसगवणाला तो आवाज ऐकू आला.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“शिवेवरच्या, वाटेवरच्या, पाण्यावरच्या सगळ्या थळांच्या म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझो घाडी दुसऱ्याचा गाऱ्हाणा घेवन नाय, आपला घेवन उभो आसा…”

“व्हय म्हाराजा!”

“मागल्या खेपेक ह्या लेकरान तुका अर्धा सांगलान, अर्धा लपयलान…”

“व्हय म्हाराजा,” आवाज जरा कमी झाले.

“ह्या लेकराची लघवी अडाकलेली आसा…”

कुणीच काही म्हणालं नाही.

सत्यवाननं उभ्या जन्मात असं ऐकलं नव्हतं. वाक्य गेलं आणि तिथेच लटकून राहिलं. कुणी खाकरलं. कुणी खाली बघितलं. मितेश गुरव हातात पाकळ्या घेऊन तसाच उभा. व्हय आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणता येत नाही, आणि बोललेलं मागे घेता येत नाही. हातातली पिशवी जड झाली होती. आता या उन्हातच मरण आलं तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

“व्हय म्हाराजा!”

बायकांच्या बाजूनं आलं. एकटीचा, चिरका, घाबरलेला आवाज. गाऱ्हाण्याला बायका व्हय म्हणत नाहीत. सगळी डोकी तिकडे वळली. तुळसा हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभी होती.

मग बाबू परब घसा फाडून ओरडला, “व्हय म्हाराजा!” आणि त्याच्या मागे सगळे.

पुढचं सत्यवान धबधब्यासारखं बोलला. नळीचं बोलला, पिशवीचं बोलला, भिरंडाच्या झाडाचं बोलला. कोल्हापूरचो दाक्तर दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतंय म्हणता ते बोलला. पूर्वजांची गाळलेली नावंसुद्धा त्यानं घेतली. मळ्यात भुईमूग काढणाऱ्या बाया उभ्या राहून ऐकत होत्या.

मितेशनं पाकळ्या लावल्या. बाहेरून सत्यवानला पाषाण दिसत नव्हता. त्याला दिसत होत्या फक्त माणसांच्या पाठी. पाकळ्या पडेनात. मितेशनं पाणी शिंपडलं. पिशवी या हातातून त्या हातात झाली. आत कुणी हललं नाही, आणि सत्यवान त्या पाठींकडे बघत राहिला.

“उजवो!” मितेश आतून ओरडला.

सत्यवान पायरीवर मटकन बसला. माणसं बाहेर आली, पण पिशवीचं कुणी काही काढलं नाही. निलेश त्याच्यासमोर क्षणभर थांबला आणि त्यानं हात धरून सत्यवानला उठवलं. सगळे पांगल्यावर बाबू परब शेजारी येऊन उभा राहिला. नेहमी गावभर ऐकू जाणारा हा माणूस कानाशी लागला.

“तो कोल्हापूरचो दाक्तर खंयच्या दिसाक येता म्हटलंस?”

“कित्या?”

“काय नाय. असाच इचारतंय.”

ऑपरेशन कणकवलीत झालं. फकरुद्दीननं सांगितलं होतं तसंच सगळं. कंबरेत सुई टोचली आणि जरा वेळानं सत्यवानला आपले पाय कुणी दुसऱ्याचे असल्यासारखे वाटू लागले. ते पाय त्यांनी वर टांगले. हलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, पडद्यावर गुलाबी पाण्यात काहीतरी तरंगत होतं. “ते काय?” त्यानं विचारलं. “तुमची अडवणारी गाठ,” सर्जन म्हणाले, “तुकडे तुकडे निघतेय. तुकडे तपासायलाही पाठवू.” सत्यवान बघत राहिला. एवढ्याशा मांसानं आपल्याला एवढा काळ डांबून ठेवलं याचा त्याला राग आला.

नंतरचे दिवस वाईट गेले. जाडी नळी, वरून बाटल्यांतलं पाणी आत सोडलेलं, खालच्या पिशवीत आधी लाल, मग कोकमाच्या सरबतासारखं. नळी असूनही सारखी कळ यायची, आता होतंय असं वाटायचं आणि काही करता यायचं नाही. तुकड्यांचा रिपोर्ट चांगला आला, वाईट काही नाही. पाणी स्वच्छ झालं आणि नर्सनं नळी काढली.

“आजोबा, भरपूर पाणी प्या. लघवी झाली की घरी. नाही झाली तर पुन्हा नळी.”

सत्यवान पाणी प्यायला. इतकी वर्षं ज्याला भ्याला ते पाणी ग्लासावर ग्लास प्यायला. पोट भरत आलं. तो भिंतीला धरून बाथरूममध्ये गेला, दार ओढून घेतलं आणि उभा राहिला.

काही होईना. समोर पांढरी फरशी, कोपऱ्यात बादली. भिरंडाच्या झाडाखाली उभं राहावं तसंच. पोट ताणायला लागलं. देवानं हो म्हटलं, डॉक्टरनं खरवडलं, सगळ्या गावानं ऐकलं, आणि तरी काही होईना. बाहेर नर्स नळी घेऊन येत असेल. दाराच्या फटीखाली त्याला तुळसाची पावलं दिसत होती. बॅटरी धरून उभी राहायची तशीच ती उभी होती.

काय बोलावं सुचलं नाही म्हणून त्याच्या तोंडून आलं ते जन्माच्या सवयीचं. अगदी हळू, घोगरं.

“बा देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” दारापलीकडून तुळसा तेवढंच हळू म्हणाली.

ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. वाक्य आलं नाही. आला तो फरशीवर पाण्याचा आवाज, आधी तुटक, मग सलग, मग बादलीवर वाजणारा. तुळसानं पदर तोंडात धरला. आत म्हातारा हुंदके देत होता आणि आवाज थांबत नव्हता, आणि प्रत्येक हुंदक्याला ती दाराला डोकं टेकून म्हणत होती, “व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.”